शेजारणीचा डबा

नेपाळहून बेळगावला आल्या दिवशीच शेजारच्या शालूबाईंनी मनमायाला डबाभर आमटीभात दिला होता. इकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे कारखान्यातल्या बायकांनी तिला हिंदीत सांगितलं. पण पहिला पगार अजून व्हायचा होता. आज ती कामावरून दमून आली, तर दारात शालूबाई.

"व्हय गं, माझा डबा गिळलीस काय?"

मनमायाला शब्द कळले नाहीत, रोख कळला. डब्यात घालायला घरात साखरेचा कणही नव्हता. शेवटी तिनं डबा पाण्यानं भरला आणि मान खाली घालून पुढं केला.

शालूबाईंनी झाकण काढून आत पाहिलं. मग त्या पायरीवर टेकल्या आणि सगळं पाणी पिऊन मोकळ्या झाल्या.

"लई तान लागलती बघ."