भुकेचं बटण

वस्तादबाईंनी मोबाइलवर बोट टेकवलं आणि तालमीतल्या सगळ्या पोरींच्या पोटात बसवलेल्या, भूक चेतवणाऱ्या चिप्स एकदम जाग्या झाल्या. दिवसातली ही चौथी भूक. पोरी डब्यांवर तुटून पडल्या. रखमाई तेवढी जोर काढत राहिली.

"ए महाराणी, तुला वेगळं आमंत्रण पाहिजे का?" वस्तादबाई खेकसल्या. "सहा वेळा खाल्लं तरच शरीराची भट्टी पेटती राहते. दोनदा जेवणाऱ्यांच्या अंगावर मांस चढत नाही, नुसता माज चढतो! उद्यापासून तू संघात नाहीस."

रखमाईच्या पोटातही आग पडली होतीच. पण मेंढरांमागं चालत वाढलेल्या पोरीला भुकेचं काय नवल? "मीपण तेवढंच खाते बाई, फक्त दोन वेळेला. खोटं वाटत असेल तर लावा कुस्ती. हरले तर गाठोडं बांधून निघते."

बाईंनी त्यांची लाडकी इरावती पुढं केली. बघता बघता रखमाईनं तिला खाली घेतलं आणि बाईंचा पारा चढला. रखमाईला भुकेनंच लोळवायचं म्हणून त्यांनी रागारागात मोबाइलवरचं बटण दाबून धरलं. पण ते बटण सगळ्यांच्याच चिप्सचं होतं ना! इरावतीनं कळवळून पकड सोडली आणि आखाड्याबाहेरच्या डब्याकडं हात लांबवला. रखमाईनं तिला तिथंच चितपट केलं.

"बाई, बंद करा हो!" इरावती रडायला लागली.

"आधी मला संघात घ्या," रखमाई तिच्या छातीवरून न उठता म्हणाली, "मग हिला जेवू देते."