समोरचा सूर्य

स्टाइनार कुंडात पाय टाकणार, तेवढ्यात शेजारच्या ग्रोआने त्याला हटकलं. "थांब, थांब. केस कोरडेठाक दिसतायत. अंघोळ न करताच उतरतोस होय? पर्यटक झालास की काय?"

गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेली सगळी डोकी खदखदा हसली. आत साबणाने अंग घासायचं आणि मगच कुंडात उतरायचं, हे आइसलंडमधलं पोर चालायच्या आधी शिकतं. विसरतात ते विमानातून आलेले. स्टाइनारने कपाळावर हात मारला आणि तो बर्फातून उड्या मारत न्हाणीकडे पळाला. त्याची आई आल्दिस सगळ्यांबरोबर हसली. लेखक म्हटला की असा धांदरटच, असं ती ग्रोआला म्हणाली आणि म्हणताना तिला थोडा अभिमानही वाटला.

नाताळच्या आधी गावच्या लेखकाने इथे येऊन वाचायचं आणि बाकीच्यांनी पाण्यात बसून ऐकायचं, हा या कुंडाचा जुना रिवाज. वाफेने भिजू नयेत म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. स्टाइनार अंतराळातल्या गोष्टी लिहायचा. न्हाऊन परत आला, लोकरी टोपी कानांवर ओढली, पाय पाण्यात सोडून काठावर बसला. या वर्षीचं पुस्तक अजून अर्धवटच आहे, त्यातलं एक प्रकरण वाचतो, म्हणाला.

गोष्ट एका यानाच्या कप्तानाची होती. यानात तो एकटाच. एके दिवशी त्याला चमचे सापडेनात. सगळं यान धुंडाळलं, पृथ्वीकडे तक्रार केली, आणि अखेर चमचे निघाले त्याच्याच बुटात. ग्रोआ हसता हसता बुडायची राहिली.

आल्दिसचं हसू मात्र अर्ध्यावरच अडलं. तिच्या नवऱ्याच्या, थोरगिल्सच्या रबरी बुटात तिला एकदा असेच चमचे सापडले होते. असेल, योगायोग असेल, तिने मनाला समजावलं. चमचे काय, कुठेही जातात.

स्टाइनार पुढे वाचत होता. कप्तान यानाच्या मोठ्या खिडकीशी उभा आहे. खिडकीभर सूर्य पसरलाय, डोळे दिपतायत. आणि कप्तान रेडिओवरून अगदी अदबीने विचारतो, सूर्य कुठल्या बाजूला आहे, जरा सांगता का?

कुंड पुन्हा हशाने भरलं. आल्दिसला मात्र गरम पाण्यातही हुडहुडी भरली.

थोरगिल्स मासेमारीच्या बोटीवर कप्तान होता. तेव्हा ते पश्चिमेच्या खाडीवर राहायचे. एका सकाळी तो अंगणात उभा होता, समुद्र पुढ्यात कुंपणाला लागलेला, आणि त्याने तिला परक्या बाईला विचारावं तसं विचारलं होतं, समुद्र कुठल्या बाजूला आहे हो? शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून तिने त्याला दंडाला धरून घरात ओढलं होतं. पुढे तो दक्षिणेतल्या इस्पितळातच राहिला आणि तिथेच गेला. शेवटी त्याला घास कसा गिळायचा, तेही आठवत नव्हतं. स्टाइनार तेव्हा रांगत होता. त्याला घेऊन ती या गावात आली, आणि त्याचा बाप हृदय बंद पडून गेला, असं तिने सगळ्यांना सांगितलं. त्यालाही तेच सांगितलं.

मग याला हे कळलं कुठून? सांगणारं तर कुणी उरलंच नव्हतं. तिला मघाचे ते कोरडे केस आठवले. थोरगिल्स तेव्हा ज्या वयाचा होता, त्याच वयाचा आता स्टाइनार होता. आल्दिस इतकी घाबरली की पाण्याखाली तिने स्वतःचेच गुडघे घट्ट धरून ठेवले.

वाचन संपलं, ओल्या हातांच्या टाळ्या झाल्या. ग्रोआने विचारलं, "हे असलं सुचतं तरी कुठून रे तुला? पाणी तर आम्हीही हेच पितो."

"माशाच्या तेलामुळे," स्टाइनार म्हणाला. "आईनं नाक दाबून दाबून पाजलंय."

पुन्हा हशा झाला. मग कॉफी तयार असल्याची हाक आली आणि माणसं एकेक करून कुडकुडत आत गेली. कुंडाशी ती दोघंच उरली.

आल्दिसला विचारायचं नव्हतं, पण न विचारताही राहवेना. "ते सूर्याचं," ती म्हणाली, "ते कुठून सुचलं तुला?"

"सुचलं नाही, आई. झालं. गेल्या आठवड्यात दूध आणायला म्हणून निघालो. दाराबाहेर आलो आणि समुद्र कुठल्या बाजूला तेच कळेना. समोरच होता."

दमला असशील, झोप झाली नसेल, असं काहीबाही ती बोलायला लागली. त्याने तिला बोलू दिलं नाही.

"सगळे हसले. तू हसली नाहीस. वाचताना मी तुझ्याकडेच बघत होतो." त्याने टोपी काढून हातात घेतली. "आई, बाबा कशानं गेले?"

हृदय, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. आयुष्यभराची सवय होती ती. पण या वेळी तिने फक्त त्याचा दंड घट्ट धरला.

स्टाइनार पाण्यात उतरून तिच्या शेजारी बसला. कागदांची पिशवी त्याने तिच्या हातात दिली.

"मग पुढचं तूच सांग," तो म्हणाला. "मला शेवट माहीत नाहीये."