निळा अंगठा

"तळं गावाच्याच ताब्यात राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," सरपंच कौतिकाबाई म्हणाल्या आणि सगळ्या ग्रामसभेचे हात वर गेले. पहिल्या रांगेतल्या विश्राम खैरनारांचा हात मात्र सदऱ्याच्या खिशातच राहिला.

ते केंद्रात मंत्री असले, तरी ग्रामसभेत इतरांसारखं त्यांनाही एकच मत होतं. दिल्लीनं आपल्या पायरीनं राहावं, असं याच पटांगणात घसा फोडून सांगत ते निवडून आले होते. शपथेच्या वेळी मंत्र्यांच्या अंगठ्यात यंत्राचा कण बसवायचा कायदाही त्यांचाच. अधिकाराबाहेरच्या हुकमावर अंगठा टेकला, की हुकूम पुसला जायचा आणि अंगठा महिनाभर निळा राहायचा.

मेहुण्याच्या कारखान्याला पाणी हवं होतं. परवा विश्रामरावांनी हेच तळं केंद्राकडे घेण्याच्या हुकमावर अंगठा टेकला होता. आपण आणलेला कायदा आपल्याला धरणार नाही, असं त्यांना का कोण जाणे वाटलं होतं.

"भाऊ, तुमचं राहिलं."

त्यांनी डावा हात वर केला.

"डावा धरत नाहीत. लोक दोन्ही हात वर करायचे, म्हणून तुम्हीच सरपंच असताना हा नियम घातलात."

त्यांचे कान तापले. नाइलाजानं त्यांनी उजवा हात वर केला. निळा अंगठा उन्हात सगळ्यांना दिसला. कोणी हसलं नाही, आणि तेच त्यांना सोसेना.

कौतिकाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"घ्या खाली, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "धरलं तुमचं मत."