पाच इंची पडदा

"दाखवायला एखादी गरोदर बाई मिळेल का?" कंपनीच्या सुधीरनं विचारलं, आणि सगुणा लगेच उठली.

कल्याणच्या त्या प्रसूतिगृहात ती बारा वर्षं आया होती. जुनं सोनोग्राफीचं मशीन बंद पडून महिना झाला होता. आज सुधीर दोन नवी मशीनं घेऊन आला होता. एक बारा इंची पडद्याचं, चाकाच्या गाड्यावर बसवलेलं, जिना चढवायला चार माणसं लागली असं. दुसरं पेटीसारखं, वर मूठ, आणि पडदा जेमतेम पाच इंची.

बाहेर बाकांवर पंधरा जणी बसल्या होत्या. सगुणानं त्यांतून नेमकी आपल्या भावाची मुलगी उठवली. शेवंतीला पाचवा महिना होता. दोन मुली घरात होत्या, त्यातली दुसरी जन्मली तीच काळजात भोक घेऊन. फुकटात तपासणी होतेय तर आपल्या पोरीची का नको? ह्या खेपेचं काळीज धड आहे ना, एवढंच सगुणाला त्या मोठ्या पडद्यावर बघायचं होतं. नंबर मोडला म्हणून दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली, तिनं तिकडे काणाडोळा केला. दिवा गावाहून शेवंतीसोबत आलेली तिची सासू जनाबाई मागोमाग आली आणि दाराबाहेर कान देऊन उभी राहिली.

मोठं मशीन सुरू झालं. पोरीनं काय नशीब काढलं, असंच सगुणाला वाटलं. पाठीचा कणा दिसला, तोंडाशी नेलेली मूठ दिसली, आणि मधोमध लुकलुकणारं एवढंसं काळीज.

"चारही कप्पे बघा, डॉक्टर," सुधीर म्हणाला. "किती स्वच्छ दिसतात."

"हं. काळीज ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

शेवंती मान वळवून बघत होती आणि हसत होती. सगुणाचा जीव भांड्यात पडला.

"हे गाडीच्या डिकीत मावेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे? नाही हो. ह्याला खोली लागते."

"मग ते दुसरं लावा."

लहान मशीनवर सगळं धुरकट दिसत होतं. सगुणानं डोळे बारीक करून पाहिलं, पण डोकं कुठलं नि पाय कुठले काही कळेना. सुधीर बिचारा सरळ माणूस. त्यानं मोठ्यानं सांगूनही टाकलं. "खरं सांगतो डॉक्टर, ह्यात काळीजबिळीज नीट नाही कळणार. मोठं घ्या. ह्या पेटीचा फायदा एकच. हलकी आहे, उचलून कुणाच्या घरीही नेता येते."

डॉक्टरांनी मशीनचं हातातलं टोक शेवंतीच्या ओटीपोटावरून खाली सरकवलं, जरा तिरकं धरलं, थांबले.

"मला जे बघायचंय त्याला एवढा पडदा पुरतो," ते म्हणाले. "हीच ठेवून जा."

सुधीर मोठ्या मशीनची वायर गुंडाळायला लागला. भिंतीवर पाटी होती, गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे म्हणून. रोज सकाळी सगुणाच ती ओल्या फडक्यानं पुसायची.

डॉक्टर बेसिनपाशी हात धुवायला गेले. टॉवेल देणाऱ्या सगुणाला खालच्या आवाजात म्हणाले, "सासूला सांगा, मंगळवारी उपाशी घेऊन या."

डॉक्टर स्वतःच्या तोंडानं कधी काही सांगत नसत. मुलगा असला तर "गोळ्या चालू ठेवा", मुलगी असली तर "मंगळवारी उपाशी या". मंगळवारी पोट पाडायच्या बायकांना टेबलावर घेत. निरोप सगुणाच पोचवायची. किती जणींना पोचवला याची तिनं कधी मोजदाद ठेवली नव्हती. आपण काय, निरोप्ये, असं म्हणून निरोप सांगायची आणि चहा प्यायला जायची. आज मात्र ती बेसिनपाशीच उभी राहिली. हिला बाकावरून उठवून आणली कोणी? आपणच. तीही नंबर मोडून.

"आत्या, मूठ चोखत होतं ना गं?" पोटावरची जेली पुसत शेवंतीनं विचारलं.

"हो," सगुणा म्हणाली. तिला त्या पोरीकडे बघवेना.

ती बाहेर आली. मुलगा म्हणून सांगावं, तर चार महिन्यांनी खोटं उघडं पडणार आणि शेवंतीचे हाल कुत्रा खाणार नाही. खरं सांगावं, तर मंगळवार चार दिवसांवर. मग तिनं बारा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांचा निरोप गिळला. नोकरी गेली तर गेली.

"काय दिसला गो सगुणे?" जनाबाईनं तिचा दंड धरला.

"काय नाय दिसला, विहीणबाई. पडदा लई लहान हाय. सगला धुरकट. तुमी घेऊन जावा तिला घरी."

जनाबाईचा चेहरा निवळला आणि तिनं सगुणाचा दंड प्रेमानं थोपटला.

"जाव दे. त्यो मशीनवाला पोऱ्या काय बोलला ता आयकला मी. पेटी हलकी हाय, घरी नेता येते. डाक्टरला घेऊन तूच ये ना दिव्याला. आमच्या गावान आजून तिघी हायत, त्यांचाबी बघून होईल."