हंसाचं पथ्य

"ए बाई, बाजूला हो. नाहीतर आत्ताच्या आत्ता पोलीस बोलावतो," नंदकिशोर म्हणाला. शेजारच्या सोसायटीचा तो सेक्रेटरी. त्याच्यामागे सोसायटीतल्या दहाबारा बायका उभ्या होत्या.

शांताबाई हलली नाही. पत्र्याच्या तबेल्याला दार नव्हतं, आडवे दोन बांबू होते. त्यांना पाठ लावून, दोन्ही हात पसरून ती उभी राहिली. तिचा नवरा कुंडलिक सकाळीच त्यांच्या हंसा घोडीचं औषध आणायला परळला जनावरांच्या दवाखान्यात गेला होता. दुपारशिवाय परतणार नव्हता.

शहाऐंशी सालची संक्रांत होती. बोरीवलीच्या गोराई रस्त्यावर सकाळपासून बायका गाईगुरांना खाऊ घालत फिरत होत्या. या बायकांनी मात्र तुपातली लापशी हंसासाठी आणली होती. गरम गव्हाचा आणि गुळाचा वास तबेल्यात शिरला आणि आतून हंसा खिंकाळली. एकदा, मग पुन्हा.

"ऐकलंत?" नंदकिशोर बायकांकडे वळला. "उपाशी मारतायत मुक्या जनावराला. बरगड्या मोजून घ्या."

बरगड्या खरंच दिसायला लागल्या होत्या. दिवाळीपर्यंत हीच घोडी वरातीत निघाली की लोक वळून बघायचे. पांढरीशुभ्र, गोल पाठीची, मानेवर चरबीची जाड वळी. काय झकास तब्येत ठेवलीय, म्हणायचे. मग एका सकाळी तिला पुढचे पाय टेकवेनात. डॉक्टरांनी खुरं बघितली, मानेवरची चरबी चाचपली आणि चणे, भुसा, गूळ, हिरवं गवत, सगळं बंद केलं. फक्त वाळलेलं गवत, तेही तोलून. पायांखाली वाळूचा जाड थर. आणखी एकदा पोटभर गोड गेलं तर खुरातलं हाड सुटेल, म्हणाले. मग ती पुन्हा उभी राहणार नाही.

"आजारी हाय ती," शांताबाई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. तिला गोड चालत न्हाई. साखरेचा आजार हाय, माणसाला असतो तसलाच."

एक बाई फिस्सकन हसली. "घोड्याला डायबिटीस? काहीपण काय!"

"नाटकं आहेत सगळी," नंदकिशोर म्हणाला. "चाऱ्याला पैसे नाहीत तर घोडी पाळता कशाला?" त्याने तिचा दंड धरला आणि तिला बाजूला ओढलं.

तेवढ्यात रुक्मिणीबेन पुढे झाल्या. साठीच्या, सोसायटीत ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे अशा. त्यांनी खाली वाकून लापशीची परात बांबूखालून आत सरकवली. आजाराआधी वर्षभर त्या रोज सकाळी हंसाला गूळपोळी आणून भरवत होत्या. पथ्य सुरू झाल्यावर कुंडलिकने हात जोडून त्यांना थांबवलं होतं. तेव्हापासून त्या रुसल्या होत्या.

हंसाने मान खाली घातली. दुखऱ्या पायांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

शांताबाईने हिसका देऊन दंड सोडवला, बांबूखालून आत घुसली आणि परातीला लाथ मारली.

परात पत्र्यावर आदळली. लापशी वाळूत पसरली. सणाचं अन्न होतं, देवाला दाखवून आणलेलं, आणि ते पायाने उडवलं होतं.

"हिला बाहेर काढा!" कुणीतरी ओरडलं.

शांताबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून वाळूतली लापशी ओंजळीने गोळा करत होती. घोडीचं तोंड खांद्याने मागे रेटत होती. "नको गं माझे बाय, नको," असं काहीतरी पुटपुटत होती. हंसा तिच्या पदराला, केसांना हुंगत होती. शांताबाई रडत होती, पण हात थांबत नव्हते. शेवटचा कण उचलून झाल्यावर तिने ती सगळी वाळू पाटीत भरली आणि बांबूखालून बाहेर ढकलली.

मग तिने रुक्मिणीबेनकडे बघितलं.

"बेन, आत या. हात लावा हिच्या खुराला. मग पोलिसांना बोलवा."

"जाऊ नका हो," नंदकिशोर म्हणाला.

रुक्मिणीबेन बांबूखालून आत गेल्या. अवघडत खाली बसल्या. शांताबाईने त्यांचा तळवा धरून पुढच्या खुरावर ठेवला. खूर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं गरम होतं. त्याच्या वर, घोट्यामागे, नस टकटक उडत होती.

रुक्मिणीबेनचा चेहरा बदलला. त्यांनी हात काढून घेतला नाही. दुसरा हातही तिथेच ठेवला.

बाहेर नंदकिशोर घसा खाकरून म्हणाला, "बेन, काय करायचं? जाऊ का चौकीवर?"

"उरलेली लापशी गोशाळेत घेऊन जा," त्या मागे न बघता म्हणाल्या. "सगळ्या जा. तूपण जा, नंदकिशोर."

कुणाला काही कळलं नाही. पण बायकांनी पातेली उचलली आणि एकेक करून निघाल्या. नंदकिशोर जरा रेंगाळला, मग तोही गेला. तबेल्यात दोघीच उरल्या. हंसा पुन्हा खिंकाळली, दूर जाणाऱ्या वासाच्या दिशेने.

"किती दिवस झाले पथ्याला?" रुक्मिणीबेननी विचारलं.

"दोन महिने होतील."

"रोज अशीच मागते?"

"रोज. तुमची येण्याची वेळ झाली की जास्तच."

"मग तू काय करतेस?"

"रस्त्यावर जाऊन उभी राहते. ती थांबेपर्यंत."

रुक्मिणीबेन मान वळवून हंसाकडे बघत राहिल्या. हात खुरावरच होते.

"मला ते जमलं नाही, शांता," त्या म्हणाल्या. "साखरेच्या आजारात आमच्या यांचा पाय कापला ना, त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा मी दवाखान्यात चोरून शिरा नेला होता."