कलम अकरा

बरोबर चार वाजता हिरवळीवर 'सोल्ड'ची पाटी ठोकायची, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, असं प्रतापरावांनी घरांची एजंट माधवीला तीन वेळा बजावलं होतं. आज चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. लिव्हिंग रूमच्या खिडकीतून पुष्करला ती पाटी दिसेल, तो म्हणेल, "बाबा, हे काय?" मग प्रतापराव खुर्चीतून सावकाश उठतील आणि जाहीर करतील की कॅनडा येतोय.

आत्ता साडेतीन झाले होते आणि पुष्कर तिसऱ्यांदा म्हणत होता, "बाबा, एक सांगायचं होतं."

"थांब रे, चहा तर घे," प्रतापराव म्हणाले. चार वाजायच्या आत त्यांना कुठलाच विषय संपवायचा नव्हता.

कॅनडाचं हे प्रकरण जुनं होतं. प्रतापराव पुलांची गणितं करत कॅनडातल्या ओकव्हिलमध्ये रिटायर झाले, पण जीव जडला होता अमेरिकेच्या संस्थापकांवर. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची मोठी फ्रेम भिंतीवर होती. त्यांच्या पत्नी अरुणाताई म्हणायच्या, "सह्या करायला छप्पन्न जण, आणि काच पुसायला मी एकटी." त्या लोकांच्या अगदी पहिल्या करारनाम्यातलं अकरावं कलम प्रतापरावांना तोंडपाठ होतं. कॅनडाने मनात येईल तेव्हा यावं, त्याला कोणी अडवणार नाही. दुसऱ्या कुणा वसाहतीला घ्यायचं, तर मात्र नऊ राज्यांची संमती हवी. दार असं सताड उघडं, आणि कॅनडा काही गेला नाही.

पुष्करने तळ्यापलीकडे, अमेरिकेत रॉचेस्टरला घर बांधलं तेव्हा बाबांचा गुडघा लक्षात ठेवून खाली एक खोली काढली, शेजारी वॉशरूम. दर रविवारी फोनवर तो म्हणायचा, "खोली तयार आहे." प्रतापराव म्हणायचे, "कलम अकरा मला माहीत आहे. कॅनडाने सव्वादोनशे वर्षं विचार केला, मला जरा वेळ दे." दुसऱ्या फोनवरून अरुणाताई हसायच्या.

अरुणाताई जाऊन दोन वर्षं झाली. या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना प्रतापराव घसरले आणि वीस मिनिटं आकाशाकडे बघत पडून राहिले. शेवटी बर्फ काढणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला आणि त्याने त्यांना उचललं. त्या वीस मिनिटांत कॅनडाचा विचार करून झाला. ही गोष्ट त्यांनी पुष्करला सांगितली नाही. पुष्करला न कळवता घरही विकून टाकलं. सह्या झाल्या होत्या, ऑगस्टअखेर ताबा द्यायचा होता. कपड्यांच्या दोन बॅगा पलंगाखाली भरून तयार होत्या.

"सलोनीच्या आईंना आम्ही घेऊन आलो," पुष्कर चहाकडे बघत म्हणाला. "गेल्या आठवड्यात."

सुनेच्या आईंना मार्चमध्ये स्ट्रोक आला होता, हे प्रतापरावांना माहीत होतं. नागपूरला त्या एकट्याच असत, हेही माहीत होतं.

"एक बाजू गेलीय बाबा. जिना चढता येत नाही. म्हणून खालच्या खोलीत… ती तुमची होती. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"नऊ राज्यांची संमती घेतलीस ना?"

पुष्कर कसंबसं हसला.

"बऱ्या आहेत का विहीणबाई?"

"बोलत नाहीत फार. काल खिडकीतून तळं दिसलं तेव्हा हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा."

प्रतापरावांनी कोणावर रागवता येईल का ते पाहिलं. मुलगा चांगला होता, सून चांगली होती, विहीणबाई तर त्यांच्याहून चांगल्या होत्या. मग साखर आणतो म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि माधवीला फोन लावला. मी सध्या गाडी चालवते आहे, निरोप ठेवा, असं माधवीचं यंत्र गोड आवाजात म्हणालं. त्यांनी निरोप ठेवला. परत फोन लावला, परत यंत्र. साखर घेऊन ते बाहेर आले. चहात साखर आधीच होती.

"बाबा, तुमचं ते कलम अकरा," पुष्कर म्हणाला. "कॅनडा गेलाच नाही. मग त्या लोकांनी त्याचं शेवटी केलं काय?"

गोष्टीचा हा भाग प्रतापराव कधीच सांगत नसत.

"सतराशे सत्त्याऐंशीला नवी घटना लिहिली. त्यात ते घातलंच नाही."

"कॅनडाला कळवलं?"

"कशाला कळवतील?"

"कॅनडाला वाईट नसेल वाटलं?"

प्रतापरावांनी भिंतीवरच्या छप्पन्न सह्यांकडे पाहिलं.

"छे," ते म्हणाले. "कॅनडा येणारच नव्हता."

पुष्करचे खांदे दोन बोटं खाली आले. दहावीचा निकाल कळल्यावर आले होते तसेच. त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि बिस्किट आहे का, असं विचारलं.

तेवढ्यात बाहेर ठोकाठोक सुरू झाली. घड्याळात बरोबर चार वाजले होते. माधवी मोठी वक्तशीर बाई.

"कोण ठोकतंय?" पुष्कर खिडकीकडे वळला.

प्रतापराव गुडघा विसरून उठले, त्याच्या आधी खिडकीपाशी पोचले आणि पडदा ओढला.

"शेजारचं घर विकलं गेलं, त्याची पाटी," ते म्हणाले. "म्हातारा एकटाच असतो तिथे. मुलाकडे राहायला चाललाय."