खालची खबर

गेब्हार्डने शेवटची रेषा ओलांडली, स्की आडव्या घासून थांबला आणि मान वळवून फलकाकडे पाहिलं. त्याच्या नावापुढे १ लागला होता. संघात सात हिवाळे काढल्यावर पहिल्यांदाच, आणि तोही आपल्याच खोऱ्यात.

कुंपणाला रेलून सॉसेज खाणाऱ्या एका म्हाताऱ्याने टोपी हलवली. "शाब्बास रे, लोहाराच्या! पण गाणारा यायचाय अजून, बरं का!"

आजूबाजूचे हसले. गाणारा म्हणजे सेव्हरिन, गेब्हार्डच्याच संघातला, लागोपाठ दोन वर्षांचा विजेता. दोन स्पर्धकांमधला वेळ भरायला आत्ता कर्ण्यांवर त्याचंच गाणं लावलं होतं आणि बर्फात उभी असलेली माणसं ध्रुवपदावर टाळ्या देत होती. सेव्हरिनला गिटारवरचे पहिले तीन कॉर्ड गेब्हार्डने शिकवले होते, संघाच्या बसमध्ये, मागच्या सीटवर. चौथा तो आपला आपण शिकला.

प्रशिक्षक हुबर्टने गेब्हार्डच्या हातात वॉकीटॉकी कोंबला. "बोल लवकर. एकाला सोडून सेव्हरिनचा नंबर आहे."

ही पद्धतच होती. जो खाली पोचेल त्याने वर थांबलेल्या आपल्या माणसाला उताराची खबर द्यायची. सकाळची पाहणी सगळेच करतात, पण ती सावकाश. वेगात बर्फ कसा लागतो ते नुकत्याच उतरलेल्यालाच ठाऊक असतं.

गेब्हार्डला एक गोष्ट ठाऊक होती. शेवटच्या उडीनंतर स्की जिथे टेकतात तिथे, वाट दाखवायला बर्फावर मारलेल्या निळ्या रेघेवरच, बर्फ खचला होता. हातभर लांब, वीतभर खोल. उडी घेताना त्याचा तोल किंचित गेला आणि तो मीटरभर उजवीकडे उतरला, म्हणून वाचला. खड्डा त्याला डाव्या स्कीच्या बाजूने सरकताना दिसला होता.

"काय रे, पहिला आहेस म्हणे!" सेव्हरिनचा आवाज खरखरत आला. "मी घरी जाऊ का मग?"

"जा की."

"आई जेवायला वाढणार नाही. बरं, सांग. वरचं जंगल?"

"काच आहे नुसती. दुसऱ्या वळणाला लवकर वळ."

"मधला उतार?"

"पळतोय. वाकून राहा, उठू नकोस."

"आणि शेवटची उडी?"

गाण्याचं कडवं संपून ध्रुवपद सुरू झालं. कुंपणापलीकडे एक मुलगी डोळे मिटून त्याच्याबरोबर गात होती.

"नेहमीसारखीच," गेब्हार्ड म्हणाला. "रेघ धरून ये."

त्याने वॉकीटॉकी परत दिला. मधला स्पर्धक सुटला. तो स्विस होता. वरच्या जंगलातच घसरून जाळीत गेला, उठला, हात हलवला. खड्ड्यापर्यंत कोणी पोचलंच नाही.

ताशी एकशे दहाच्या वेगाने जाणाऱ्या माणसाची स्की वीतभर खड्ड्यात सापडली तर गुडघ्याचं काय होतं, हे संघातल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. गेब्हार्डला सेव्हरिनचा गुडघा नको होता. त्याचा फक्त अर्धा सेकंद वाया जायला हवा होता. पण खड्डा काही मोजून घेत नाही.

त्याने हुबर्टच्या हातातून वॉकीटॉकी हिसकावला. "सेव्हरिन! उडीला—"

"सुटला तो," वरून कोणीतरी म्हणालं.

जंगलातून बाहेर आला तेव्हा सेव्हरिन गेब्हार्डपेक्षा सेकंदाच्या पंधरा शतांशांनी पुढे होता. मधल्या उतारावर तीस. मग तो उंचवट्यावर दिसला, निळ्या रेघेच्या अगदी मधोमध. गेब्हार्डने डोळे मिटले नाहीत. उंचवट्याच्या कडेला सेव्हरिनने खांदा झुकवला आणि हवेतून तो तिरका आला. मीटरभर उजवीकडे. दोन्ही स्की एकदमच टेकल्या.

फलकावर गेब्हार्डच्या नावापुढचा १ जाऊन २ आला.

आरडाओरडा ओसरायच्या आधीच सेव्हरिन घसरत त्याच्याजवळ आला. दम लागलेला, भुवयांवर बर्फ. त्याने गेब्हार्डच्या मानेभोवती हात टाकला. फोटोवाले पुढे सरसावले.

"जंगल आणि उतार एका सुरात सांगितलास," तो त्याच्या कानाशी म्हणाला. "उडीला अर्धा सूर वर गेलास. म्हटलं, तिथे काहीतरी आहे, रेघ सोडावी."

"रेघेवर खड्डा आहे. मी परत सांगायला..."

"हसून बघ. फोटो काढतायत."

गेब्हार्ड शिवीची वाट पाहत होता. एखादी सणसणीत आली असती तर बरं वाटलं असतं.

हुबर्टने वॉकीटॉकी सेव्हरिनपुढे धरला. वर आता कासियान उभा होता, संघातला सगळ्यात धाकटा.

"कासियान, नीट ऐक," सेव्हरिन म्हणाला. "शेवटच्या उडीला रेघ सोड. मीटरभर उजवीकडून ये. डावीकडे खड्डा आहे, पाय जाईल."

"तू पाहिलास?"

सेव्हरिनने गेब्हार्डकडे पाहिलं.

"नाही. गेब्हार्डने पाहिला. त्याच्यामुळे वाचलो मी."

हुबर्टने गेब्हार्डच्या पाठीवर जोरात थाप मारली. कुंपणाकडून टाळ्या आल्या, या वेळी त्याच्यासाठी. गेब्हार्डने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि हेल्मेटचा पट्टा आवळला, जणू त्याला अजून खाली उतरायचं होतं.